फ्रँकफर्टमधील मध्यम दर्जाचे हॉटेल : भाड्याचे गणित आणि पाहुण्याचे हक्क

जर्मनीतील फ्रँकफर्ट हे शहर भारतीय प्रवाशांच्या दृष्टीने युरोपचे एक प्रमुख प्रवेशद्वार आहे. मुंबईहून थेट विमानाने येथे उतरता येते आणि देशाच्या सर्व दिशांना जाणाऱ्या गाड्या येथून मिळतात. वर्षभर भरणाऱ्या व्यापारी प्रदर्शनांमुळे महाराष्ट्रातील उद्योजक, अभियंते, निर्यातदार आणि प्रकाशक यांचेही येणे-जाणे येथे असते. यांपैकी अनेकांचा मुक्काम पंचतारांकित हॉटेलात नसतो आणि स्वस्त वसतिगृहातही नसतो. तो असतो तीन किंवा चार ताऱ्यांच्या, मध्यम दर्जाच्या हॉटेलात.

या हॉटेलांची व्यवस्था आपल्याकडील हॉटेलांहून एका मूलभूत बाबतीत निराळी आहे. आपल्याकडे मुक्कामाचे सुख पुष्कळ अंशी सेवकवर्गाच्या तत्परतेवर अवलंबून असते. थोडी विनंती, थोडी घासाघीस यांना वाव असतो. जर्मनीत काय मिळेल, किती वाजेपर्यंत मिळेल आणि रद्द केल्यास किती भुर्दंड पडेल, हे आधीच ठरलेले व लिहिलेले असते. हा लेखी करार पाहुण्याला बांधतो तसा हॉटेलवाल्यालाही बांधतो. तो समजून घेतलेल्या प्रवाशाचे पैसे आणि मनःस्वास्थ्य दोन्ही वाचतात.

ताऱ्यांचा अर्थ

जर्मनीत हॉटेलांना तारे देण्याचे काम सरकार करीत नाही. ‘डेहोगा’ या हॉटेल व उपाहारगृह व्यवसायाच्या संघटनेने १९९६ साली देशव्यापी वर्गीकरण सुरू केले. २००९ साली काही युरोपीय देशांतील हॉटेल संघटनांनी एकत्र येऊन ‘हॉटेलस्टार्स युनियन’ स्थापन केली आणि समान निकष स्वीकारले. हे वर्गीकरण ऐच्छिक असून तीन वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर हॉटेलाची पुन्हा तपासणी होते. त्यामुळे दाराशी ताऱ्यांची पाटी नसलेले हॉटेल निकृष्टच असेल असे नाही. त्याने वर्गीकरणासाठी अर्जच केलेला नसेल. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दिसणारे तारे आणि ही अधिकृत पाटी या मात्र दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात.

ताऱ्यांसोबत ‘एस’ हे अक्षर असल्यास ते हॉटेल आपल्या वर्गात वरच्या प्रतीचे, म्हणजे ‘सुपीरियर’ समजावे. नावापुढे ‘गार्नी’ हा शब्द असेल, तर तेथे न्याहारी मिळते, पण दुपारच्या वा रात्रीच्या जेवणासाठी उपाहारगृह नसते. रात्री उशिरा विमानाने पोचणाऱ्या, मुलाबाळांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबाने हा शब्द जरूर ध्यानात ठेवावा. तीन ताऱ्यांच्या हॉटेलात स्वागतकक्ष चोवीस तास उघडा असेलच असेही नाही. लहान हॉटेलांत रात्री तो बंद होतो आणि उशिरा येणाऱ्या पाहुण्याला दाराचा सांकेतिक क्रमांक आधी कळवला जातो. पोचण्याची वेळ हॉटेलाला अगोदर लेखी कळवणे म्हणूनच हिताचे.

जत्रांचे शहर आणि चढते भाडे

फ्रँकफर्टमधील हॉटेलाचे भाडे समजून घ्यायचे, तर शहराच्या इतिहासाकडे पाहावे लागते. येथील जत्रेला सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२४० साली संरक्षणाचे फर्मान दिले. जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना वाटेत अभय देणारे ते फर्मान होते. त्या जत्रेचे आजचे रूप म्हणजे ‘मेस्से’ हे विस्तीर्ण प्रदर्शनसंकुल. ते मुख्य रेल्वे स्थानकापासून फार दूर नाही.

जानेवारीत गृहवस्त्रांचे ‘हाइमटेक्स्टील’, फेब्रुवारीत गृहोपयोगी व भेटवस्तूंचे ‘आंबिएंटे’, सम वर्षांच्या सप्टेंबरात वाहनांच्या सुट्या भागांचे ‘ऑटोमेकॅनिका’ आणि ऑक्टोबरात जगप्रसिद्ध पुस्तक मेळा ही येथील मोठी प्रदर्शने. पुस्तक मेळ्यात १९८६ आणि २००६ अशा दोन वर्षी भारताला सन्माननीय पाहुण्याचा मान मिळाला होता. मोटारींचे मोठे प्रदर्शन मात्र २०२१ पासून म्युनिकला गेले आहे.

या दिवसांत शहरातील खोल्या भराभर भरतात आणि एरवीच्या भाड्याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम त्याच खोलीसाठी मागितली जाते. खोली, पलंग, न्याहारी सारे तेच असते. बदललेली असते ती केवळ तारीख. याउलट, प्रदर्शन नसलेल्या आठवड्यातील शनिवार-रविवारी हेच भाडे उतरते, कारण फ्रँकफर्ट हे प्रामुख्याने बँका आणि व्यापार यांचे शहर असून कामानिमित्त आलेली मंडळी शुक्रवारी परततात. पर्यटनासाठी येणाऱ्यांनी तारखा ठरवण्यापूर्वी प्रदर्शनांचे वेळापत्रक पाहणे हा काटकसरीचा सर्वांत सोपा मार्ग होय. तारीख बदलणे शक्य नसेल, तर ओफेनबाख, माइन्त्स, वीसबाडेन किंवा डार्मश्टाट या शेजारच्या शहरांत मुक्काम करून गाडीने ये-जा करता येते. म्युनिकला सप्टेंबरअखेरच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये हाच अनुभव येतो.

स्थानकाजवळचा स्वस्त परिसर

विमानतळावरून ‘एस-बान’ या उपनगरी गाडीने साधारण पाऊण तासाच्या आतच नव्हे, तर अवघ्या पंधरा मिनिटांच्या आसपास मुख्य स्थानक गाठता येते. १८८८ साली सुरू झालेल्या या स्थानकासमोर ‘बानहोफ्सफिएर्टेल’ हा भाग पसरला आहे. मध्यम दर्जाच्या हॉटेलांची येथे दाटी आहे आणि भाडेही तुलनेने कमी असते. म्युंशनर रस्त्यावर आशियाई किराणा दुकाने, तुर्की आणि भारतीय धाटणीच्या खाणावळी असल्याने शाकाहारी प्रवाशाची सोय होते.

तथापि, याच भागात वेश्यावस्ती असून अमली पदार्थांच्या आहारी गेलेले लोक भर रस्त्यात दिसतात. व्यसनाधीनांना देखरेखीखाली अमली पदार्थांचे सेवन करू देण्याचे धोरण या शहराने पत्करले आणि १९९४ साली असे केंद्र येथे उघडले गेले. २०२३ पासून या परिसरात रात्रीच्या वेळी शस्त्रे बाळगण्यास मनाई आहे. हजारो प्रवासी येथे निर्वेध राहून जातात, हेही तितकेच खरे. परंतु खिसेकापूंपासून सावध राहावे लागते. लहान मुले वा वृद्ध सोबत असतील, तर एखाद्या गल्लीचे अंतरही अनुभवात मोठा फरक पाडते. अशा कुटुंबांनी माइन नदीपलीकडचे साखसेनहाउसन, प्रदर्शनसंकुलाचा परिसर किंवा वेस्टएंड यांचा विचार करावा. थोडे जादा भाडे रात्रीच्या निर्धास्तपणाच्या रूपाने वसूल होते.

स्वागतकक्षातील कागद

हॉटेलात पाऊल ठेवताच विदेशी पाहुण्यापुढे ‘मेल्डेशाइन’ हा नोंदणीचा कागद येतो. २०२५ च्या आरंभापासून जर्मन नागरिकांना या कागदातून मुक्त करण्यात आले आहे. विदेशी पाहुण्यांना मात्र तो भरून त्यावर सही करावी लागते आणि पारपत्र दाखवावे लागते. पती वा पत्नी आणि अल्पवयीन मुले सोबत असल्यास त्यांची संख्या व नागरिकत्व नोंदवणे पुरेसे असते. दहापेक्षा अधिक जणांच्या सहलीसाठी गटप्रमुखाची सही चालते. पारपत्र दाखवायचे असते, ठेवून द्यायचे नसते. नोंद होताच ते परत मागून घ्यावे. ते हरवल्यास भारताचा वाणिज्य दूतावास फ्रँकफर्टमध्येच आहे, ही प्रवाशांच्या दृष्टीने दिलाशाची बाब.

खोलीचा ताबा सामान्यतः दुपारी तीनपासून मिळतो आणि निघायच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते. भारतातून येणारी अनेक विमाने भल्या सकाळी उतरतात, त्यामुळे मधल्या वेळेचे नियोजन करावे लागते. बहुतेक हॉटेले तोवर सामान सांभाळतात. खोली लवकर हवी असल्यास काही ठिकाणी जादा आकार पडतो.

दोघांसाठी आरक्षित केलेल्या खोलीत तिसऱ्याला राहता येत नाही. आग लागल्यास आत किती माणसे आहेत हे ठाऊक असणे हा त्यामागील एक हेतू, आणि भाडे माणशी ठरते हे दुसरे कारण. लहान मुलाचे वयदेखील आरक्षणाच्या वेळीच सांगावे. पाळणा किंवा जादा पलंग ऐनवेळी मिळेल याची शाश्वती नसते.

बिलात काय असते

जर्मन कायद्यानुसार ग्राहकाला दाखवलेल्या किमतीत मूल्यवर्धित कर धरलेलाच असावा लागतो. मागाहून कर लावून रक्कम फुगवण्याची पद्धत तेथे नाही. निवासावरील हा कर १ जानेवारी २०१० पासून १९ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणण्यात आला. त्या वेळी न्याहारी जुन्याच दरात राहिल्याने बिलात ती स्वतंत्र दाखवण्याची प्रथा पडली. कार्यालयाकडून प्रवासखर्च घेणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा, कारण अनेक कंपन्या भाडे आणि भोजन यांचा हिशेब वेगळा मागतात.

याखेरीज नगरपालिकांचा पर्यटन आकार असतो. फ्रँकफर्टने तो २०१८ साली माणशी दर रात्री २ युरो या दराने सुरू केला. कामानिमित्त येणाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले होते. बर्लिनमध्ये हा आकार २०२५ पासून भाड्याच्या साडेसात टक्के आहे आणि २०२४ पासून तो व्यावसायिक प्रवाशांनाही लागू आहे. बव्हेरिया राज्याने २०२३ साली आपल्या नगरपालिकांना असा कर लावण्यास मनाई केल्याने म्युनिकमध्ये तो नाही. हा आकार कित्येकदा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. आरक्षणाच्या पावतीवर तो धरला आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच तपासावे.

खोलीचे अंतरंग

मध्यम दर्जाच्या हॉटेलातील खोली आटोपशीर आणि स्वच्छ असते. दुहेरी पलंगावर अनेकदा दोन स्वतंत्र गाद्या जोडलेल्या असतात आणि पांघरुणेही दोन वेगवेगळी असतात. ही गैरसोय नसून तेथील रूढ पद्धत आहे. न्हाणीघरात बादली आणि तांब्या नसतो, शौचालयात पाण्याचा फवाराही नसतो. नळाचे पाणी मात्र निर्धोक पिण्याजोगे असते, त्यामुळे बाटलीबंद पाण्यावर खर्च करण्याचे कारण नाही. बाटली विकत घेतलीच, तर एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतली जाते. दुकानातील यंत्रात रिकामी बाटली टाकल्यावर ती परत मिळते.

वातानुकूलन गृहीत धरू नये. जुन्या इमारतींतील अनेक हॉटेलांत ते नसते आणि अलीकडच्या कडक उन्हाळ्यांत त्याची उणीव जाणवते. जून ते ऑगस्टमधील मुक्कामासाठी ही चौकशी आधी करावी. थंडीत खोली तापवण्यासाठी भिंतीलगत उष्णतायंत्र असते. त्याच्या खटक्यावर एक ते पाच असे आकडे असतात. ते उष्णतेचा वेग दाखवत नाहीत, तर अपेक्षित तापमान दाखवतात. तीन म्हणजे सुमारे २० अंश. पाचवर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, केवळ अधिक तापत राहते. खिडकीची मूठ आडवी केल्यास ती दारासारखी उघडते आणि वर फिरवल्यास फक्त वरच्या बाजूने कलते. मुले सोबत असताना हे ठाऊक असलेले बरे.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे. भ्रमणध्वनीच्या बारीक दोन पिनांचा प्लग तेथील सॉकेटमध्ये बसतो. लॅपटॉपचा तीन गोल पिनांचा भारतीय प्लग मात्र बसत नाही. त्यासाठी जोडणी न्यावी लागते. खोलीत चहाची किटली असेलच असे नाही. घरून नेलेली विजेची शेगडी वापरणे, उदबत्ती लावणे किंवा धूम्रपान करणे कटाक्षाने टाळावे. छतावरचा धूरसूचक वाजला, तर साऱ्या इमारतीची झोपमोड होते. त्याउपर सफाईचा वा अग्निशमन दलाचा खर्चही पाहुण्याकडे मागितला जाऊ शकतो.

न्याहारी, रविवार आणि शांतता

जर्मन हॉटेलातील न्याहारी हे मुक्कामाचे खरे वैभव. पावाचे नाना प्रकार, लोणी, चीज, अंडी, दही, ‘क्वार्क’ हा चक्क्याच्या जवळ जाणारा पदार्थ, फळे, धान्याचे मिश्रण आणि कॉफी हे सारे मांडलेले असते. शाकाहारी माणूस येथे उपाशी राहत नाही. थंड मांसाच्या कापांत डुकराचे मांस बहुधा असते, त्यामुळे ते वर्ज्य असणाऱ्यांनी विचारून घ्यावे. हवे तितके खावे, पण दुपारसाठी पाव बांधून नेणे शिष्टसंमत नाही. घरून खाद्यपदार्थ नेणाऱ्यांनी एक नियम लक्षात ठेवावा : युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ सामानातून आणण्यास बंदी आहे. तूप, खवा आणि पेढे यांनाही हा नियम लागू होतो.

रविवारी दुकाने बंद असतात. अपवाद मुख्यतः रेल्वे स्थानके आणि विमानतळ येथील दुकानांचा. शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्याने औषधे, दूध, फळे यांची तजवीज त्याच दिवशी करावी. रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ मानला जातो. मार्गिकेत उभे राहून गप्पा मारणे किंवा मुलांनी धावणे यावर शेजारच्या खोलीतून तक्रार येऊ शकते, आणि तक्रार करणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. एरवी येता-जाता ‘गुटन टाग’ म्हणण्याचा शिष्टाचार पाळला, की कर्मचारी आपुलकीने वागतात.

अडीअडचणीसाठी रुग्णवाहिका व अग्निशमन दलाचा क्रमांक ११२ आणि पोलिसांचा ११० आहे. जिवावर बेतलेले नाही, पण दवाखाने बंद झाल्यावर डॉक्टर हवा आहे, अशा वेळी ११६११७ हा क्रमांक लावावा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक असतो. त्याची प्रत सामानात तळाशी ठेवू नये, हाताशी ठेवावी.

रद्द केले तर, हरवले तर

आरक्षण हा जर्मनीत बंधनकारक करार मानला जातो. इंटरनेटवरून केलेल्या अनेक खरेदींत ग्राहकाला चौदा दिवसांत माघार घेता येते. विशिष्ट तारखेच्या हॉटेल आरक्षणाला ती सवलत नाही. विनामूल्य रद्द करण्याची मुभा करारात नसेल, तर पाहुणा न आला तरी भाडे देय होते. हॉटेलाचा वाचलेला खर्च मात्र त्यातून वजा व्हावा लागतो. नुसत्या निवासासाठी भाड्याच्या ९० टक्के आणि न्याहारीसह ८० टक्के, असे प्रमाण व्यवहारात रूढ आहे. तीच खोली दुसऱ्याला दिली गेली, तर त्यातून मिळालेले भाडेही वळते करावे लागते. व्हिसा हाती येण्यापूर्वी खोली आरक्षित करणाऱ्या भारतीय प्रवाशाला हे कलम सर्वाधिक महाग पडू शकते. व्हिसा मिळेपर्यंत थोडे महाग, पण रद्द करता येण्याजोगे आरक्षण घेणेच शहाणपणाचे.

पाहुण्याच्या बाजूने असलेली तरतूदही तितकीच ठोस आहे. हॉटेलात आणलेली वस्तू हरवली वा खराब झाली, तर जर्मन दिवाणी संहितेच्या ७०१ व त्यापुढील कलमांनुसार हॉटेलमालक जबाबदार धरला जातो. त्यासाठी त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. भरपाईची मर्यादा एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपट, परंतु किमान ६०० आणि कमाल ३,५०० युरो अशी आहे. रोकड, रोखे आणि मौल्यवान चिजा यांच्यासाठी ती ८०० युरो आहे. चूक हॉटेलाची वा त्याच्या कर्मचाऱ्यांची असेल, किंवा वस्तू रीतसर त्यांच्या ताब्यात दिली असेल, तर ही मर्यादा उरत नाही. मोटारीत ठेवलेले सामान मात्र यात मोडत नाही, आणि स्वतः पाहुण्याच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसानही नाही.

येथे एकच अट पाहुण्यावर आहे : नुकसान लक्षात येताच ते विनाविलंब हॉटेलाला कळवले पाहिजे. संकोचापोटी किंवा विमान चुकेल या घाईत गप्प राहून मायदेशी परतल्यावर पत्र धाडणाऱ्याचा हक्क बुडतो. दागिने आणि मोठी रोकड खोलीत न ठेवता स्वागतकक्षाच्या तिजोरीत पावती घेऊन ठेवावी आणि काही घडल्यास निघण्यापूर्वी लेखी तक्रार देऊन तिची प्रत जवळ बाळगावी.